आच वेगळी, धूर वेगळा

पुण्याच्या दक्षिणेला मार्केट यार्ड ओलांडले की सुरू होणारी आणि कोंढवा-कात्रजच्या चढांकडे पसरत गेलेली बिबवेवाडी ही इंधनाच्या दृष्टीने पाहिली तर एकच वस्ती नाही. मूळ गावठाणातली घरे, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या सोसायट्या, आणि ज्यांना सगळे पुणे ‘अप्पर-सुप्पर’ म्हणून ओळखते त्या अप्पर व सुप्पर इंदिरानगरच्या दाट वस्त्या, अशी तीन तऱ्हेची घरे येथे एकमेकांना लागून उभी आहेत. तिन्हींत रोजचा स्वयंपाक आता गॅसवर होत असला, तरी विस्तव वेगवेगळ्या निमित्तांनी अजून टिकून आहे. कुठे परसातल्या तीन दगडांवर आंघोळीचे पाणी तापते आणि आखाडातल्या रविवारी तेथेच मटणाचे पातेले चढते, कुठे दाराबाहेर पत्र्याच्या डब्यातली शेगडी धुमसत असते, तर कुठे वर्षाअखेरीस सोसायटीच्या गच्चीवर लोखंडी जाळी मांडून कोंबडी भाजली जाते. या तिन्ही विस्तवांवर शिजणारे मांस चवीला वेगळे का लागते, हा प्रश्न वरवर पाहता खवय्यांचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेल्यास घर, जात, श्रम आणि शेजार या साऱ्यांशी त्याची गाठ पडते.

चूल स्वयंपाकाला दोन गोष्टी एकाच वेळी देते, आच आणि धूर, आणि लाकूड हेच एकमेव इंधन असेपर्यंत या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याचा उपाय घरात नव्हता. आच हवी असेल त्याला धूर सोसावाच लागे. गॅसने फक्त आच दिली आणि धूर घराबाहेर काढला, म्हणूनच धूर हवाहवासा वाटू लागला आणि महामार्गांवरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर ‘चुलीवरचे मटण’ असे ठळक अक्षरांत लिहिले जाऊ लागले. ज्या पिढीने धुराने डोळे चोळले, त्या पिढीला ही पाटी कदाचित समजणार नाही. परंतु ज्या क्षणी धूर सक्तीचा राहत नाही, त्या क्षणी तो हळद-मिठासारखा मोजून घालण्याचा जिन्नस होऊ शकतो. लाकडांविषयी आणि चुलींविषयी बोलायचे तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो, कारण आचेसाठी चांगले असलेले लाकूड धुरासाठी चांगले असतेच असे नाही, आणि ज्याला लोक धुराची चव म्हणतात ती पुष्कळदा लाकडाच्या धुराची नसतेच.

लाकूड मुख्यतः तीन द्रव्यांचे बनलेले असते: पेशींच्या भिंतींतले सेल्युलोज, त्याला जोडून असणारे हेमिसेल्युलोज आणि या दोहोंना घट्ट बांधणारे लिग्निन. तापमान चढत गेले की आधी लाकडातले पाणी निघून जाते, मग दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे हेमिसेल्युलोज फुटू लागते, त्यामागोमाग सेल्युलोज, आणि तीनशेच्या वर लिग्निन मोठ्या प्रमाणात विघटित होऊन त्यातून फिनॉल वर्गातली संयुगे बाहेर पडतात. यांपैकी ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही दोन संयुगे आपण ज्याला धुराचा वास आणि चव म्हणतो त्याची प्रमुख धनी आहेत. याच धुरातली काही संयुगे चरबी खवट होण्याची क्रिया मंदावतात आणि मांसाच्या पृष्ठभागावर जिवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे जगभरच्या थंड प्रदेशांत धूर हे आधी टिकवणुकीचे आणि नंतर चवीचे साधन ठरले. हवा पुरेशी मिळाली की धूर पातळ आणि निळसर दिसतो. हवा कोंडली किंवा लाकूड ओले असले की तो दाट पांढरा होतो, त्यात वाफ आणि डांबराचे सूक्ष्म थेंब असतात, आणि असा धूर बसलेले मांस कडू लागते. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. श्रावणाच्या तोंडाशी आखाड साजरा करणाऱ्या बिबवेवाडीत पावसाच्या या दिवसांत चुलीचा धूर अधिक त्रास देतो, त्याचे कारण हेच आहे.

कोळशाची गोष्ट याहून निराळी आहे. कोळसा म्हणजे ज्यातून धूर होऊ शकेल असे बहुतेक सारे द्रव्य आधीच निघून गेलेले लाकूड. म्हणून चांगला पेटलेला कोळसा जवळजवळ धूर न करता जळतो, आणि तो बाभळीचा आहे की आंब्याचा हे जिभेला ओळखता येत नाही. शेगडीवर भाजलेल्या कोंबडीला जी खमंग चव येते ती मांसातून टपकणारी चरबी आणि मसाल्याचे तेल निखाऱ्यावर पडून जळते तिची असते. वसई तालुक्यातल्या आगाशीचे प्रसिद्ध भुजिंग, म्हणजे कोळशावर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे पोह्यांत कालवून केलेला पदार्थ, हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे चव येते ती टपकणाऱ्या रसाच्या धुराने, आणि तो धूर शोषून घेण्याचे काम पोहे करतात. घरोघरी दिला जाणारा धुंगारही असाच. शिजलेल्या पदार्थाच्या मधोमध छोटी वाटी ठेवायची, तीत लालबुंद निखारा टाकायचा, त्यावर तुपाची धार आणि एखादी लवंग सोडून झाकण घट्ट बसवायचे, की पाचेक मिनिटांत पातेल्यातला सगळा रस्सा त्या वासाने भरून जातो. येथे धूर तुपाचा आणि लवंगेचा आहे. निखारा केवळ त्यांना जाळण्यापुरता आहे. गॅसच्या घरात आच आणि धूर वेगळे करून धूर चमच्याने घालण्याची ही सर्वांत साधी रीत आहे, आणि तिला उगाच कमी लेखण्याचे कारण नाही.

मग चुलीवरच्या मटणाचे काय? झाकण ठेवलेल्या पातेल्यात चुलीचा धूर फारसा शिरत नाही, हे कोणालाही चुलीपाशी बसून पाहता येईल. धूर पातेल्याच्या बाहेरून वर जातो आणि काजळी बुडाला धरते. तरीही घाटावरच्या चुलीवरच्या रश्श्याला धुराची चव असते, आणि ती येते वाटणातून. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर नेली की आधी तिची तपकिरी पाठ काळी पडते, मग कडेकडेने तेल पाझरू लागते, आणि त्या तेलाने पेट घेतला की वाटी पणतीसारखी स्वतःच जळू लागते. जाणती बाई तिला लगेच विझवत नाही. कड पुरती करपून आतला गर बदामी होईपर्यंत थांबते आणि मग फुंकर मारते, आणि त्या फुंकरीनंतर निघणारा दाट, तेलकट धूर वाटीच्या आतल्या अंगालाच चिकटून बसतो. कांदा सालीसकट विस्तवात खुपसला जातो, बाहेरचे पापुद्रे कोळसा होतात आणि आतला कांदा स्वतःच्याच पाण्यात वाफवत असताना त्या जळक्या सालीचा वास पितो. सुक्या खोबऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन तेलाचे असल्याने, आणि धुरातली चवीची संयुगे तेलात सहज विरघळत असल्याने, पाट्यावर वाटलेल्या त्या गोळ्यात धूर जणू साठवून ठेवलेला असतो. तो तेलावर परतला की रश्श्याच्या तवंगात उतरतो. काळ्या मसाल्यातले दगडफूल, म्हणजे झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारे, वाळवलेले शैवाक, आपल्या मातकट वासाने त्याला आणखी खोली देते. देशावरच्या स्वयंपाकाने मांस धुरवले नाही, वाटण धुरवले, हे एकदा ध्यानात आले की या स्वयंपाकाची कारागिरी किती विचारपूर्वक आहे ते दिसते. बोकडाच्या कमी चरबीच्या मांसाला तासन्‌तास धुरात कोरडे करण्याऐवजी ते रसात शिजवायचे आणि धूर तेवढा खोबऱ्याकरवी आत न्यायचा, हा उपाय येथल्या जनावराला आणि हवामानाला अगदी जुळणारा आहे. मिक्सरमध्ये कच्चे वाटून नंतर परतलेल्या वाटणाच्या रश्श्यात काहीतरी उणे वाटते ते यामुळेच. गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून खोबरे आणि कांदा नीट करपवला, तर चुलीचे निम्मे अंतर भरून निघते.

उरलेले निम्मे अंतर आचेचे आहे. चुलीचा जाळ रुंद असतो, तो पातेल्याच्या बुडाला आणि बाजूंनाही कवेत घेतो, आणि मुख्य चुलीच्या बाजूला असलेल्या वैलावर, म्हणजे त्याच जाळाची उरलेली ऊब घेणाऱ्या दुसऱ्या तोंडावर, रस्सा मंद आचेवर रटरटत राहू शकतो. मांसातले चिवट कोलॅजेन, स्नायूंना बांधून ठेवणारे प्रथिन, जिलेटिनमध्ये बदलायला उंच तापमानापेक्षा वेळ अधिक लागतो. कुकरच्या शिट्यांनी ते काम लवकर होते, पण रस्सा आटून दाट होण्याला आणि तवंग सुटायला जो अवकाश लागतो तो मिळत नाही.

आता लाकडे. बाभळीचे लाकूड जड आणि घट्ट असते, त्याचा निखारा टिकतो, आणि म्हणून आचेसाठी घाटावर बाभळीला तोड नाही. सह्याद्रीत तोच मान धावड्याला आहे. चिंच आणि जांभूळ यांचीही आच उत्तम. आंब्याचा धूर मात्र अधिक सौम्य, गोडसर, आणि कोंबडीसारख्या नाजूक मांसाला साजेसा असतो. पेरूच्या लाकडाला धूर थोडा असतो पण चांगला असतो. शेवगा आणि पांगारा पोकळ, भुसभुशीत, नुसते भडकून विझणारे. कडुनिंबाचा धूर कडवट. वड, पिंपळ आणि औदुंबर यांना श्रद्धेने चुलीत घालत नाहीत, जरी पिंपळ-औदुंबराच्या समिधा होमात चालतात. जळगावकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात आणि पुणे-नगर भागात हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत. म्हणजे पदार्थागणिक इंधन निवडण्याची दृष्टी येथे मांसापुरती कधीच मर्यादित नव्हती.

काही झाडे मात्र कधीही जाळू नयेत, आणि शहरात ती डोळ्यांसमोर असल्याने हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर सर्वत्र फुललेली कण्हेर विषारी आहे आणि तिच्या काटक्या शेगडीत घालणे किंवा तिच्या फांदीवर मांस ओवणे धोक्याचे आहे. बिब्ब्याचा रस अंगाला लागला तरी फोड येतात, त्याच्या धुराने डोळे आणि घसा पोळतो. तळजाईच्या आणि इतर टेकड्यांवर लागवड केलेले गिरिपुष्प सरपण म्हणून भरपूर मिळते, परंतु त्याच्या सालीचा उपयोग काही देशांत उंदरांच्या विषासाठी होतो हे लक्षात घेता त्याच्या धुरात अन्न धरू नये. शिवाय टेकडीवरचे लाकूड आणणे हा वनविभागाच्या हद्दीतला प्रश्न आहे, आणि रस्त्याकडेचे झाड तोडण्यासाठी १९७५च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी आणि जुने फर्निचर यांत चिकटद्रव्ये आणि रंग असतात. बंबाखालीही ते जाळू नये, मग अन्नाखाली तर नाहीच.

बिबवेवाडीच्या रहिवाशाला उत्तम लाकूड शोधायला दूर जावे लागत नाही, फक्त नजर बदलावी लागते. कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून गेले की पुरंदर तालुका लागतो, ज्याच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथल्या अंजीर, पेरू आणि सीताफळाच्या बागांत छाटणीनंतर फांद्यांचे ढीग पडतात. पुणे जिल्ह्यात नारायणगाव आणि बारामतीकडे द्राक्षांच्या वेलींची वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, छाटणी होते, आणि द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांवर मांस भाजण्याची फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाची ख्याती आहे. आपल्याकडच्या द्राक्षवेलींवर औषधांच्या फवारण्या वारंवार होत असल्याने त्या काड्या वापरताना बागायतदाराला विचारून घेणे बरे. अंजीर-पेरूच्या बाबतीत ही काळजी कमी, पण अजिबात नाही असे नाही. याहून महत्त्वाचे उदाहरण वेड्या बाभळीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका खंडातून भारतात आणलेले हे काटेरी झाड आज उजनीच्या काठापासून सोलापूर आणि मराठवाड्यापर्यंत पडीक जमिनी व्यापून बसले आहे. शेतकरी त्याला शिव्या देतो आणि कोळसा पाडणारा त्यावर पोट भरतो. टेक्सासमध्ये ज्या मेस्कीट लाकडाच्या धुरासाठी लोक पैसे मोजतात ते याच झाडाचे सख्खे भावंड आहे. वेड्या बाभळीचा धूर उग्र असतो, बोकडाच्या मांसाला तो थोड्या वेळापुरताच सोसतो, तरीही जे झाड तोडल्याने जमिनीचे भलेच होईल त्याचे लाकूड सोडून परदेशी लाकडाच्या चिपा पिशवीतून विकत घेणे हे सुजाणपणाचे वाटत नाही.

चुलींमध्ये सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेली आणि धुरासाठी सर्वांत योग्य अशी शेगडी म्हणजे भुशाची. पत्र्याच्या डब्याच्या बुडाजवळ एका बाजूला भोक पाडायचे. डब्याच्या मधोमध बाटली किंवा गोल दांडका उभा करायचा आणि भोकातून दुसरा दांडका आत सारून त्याला भिडवायचा. मग भोवती लाकडाचा भुसा थोडा थोडा टाकत मुठीने ठोकून घट्ट बसवायचा, आणि शेवटी दोन्ही दांडके हलकेच फिरवत काढून घेतले की भुशाच्या आत एक काटकोनी बोगदा तयार होतो. खालून पेटवलेला विस्तव या बोगद्याच्या भिंती आतून बाहेर कुरतडत जातो आणि एकदा भरलेला डबा कित्येक तास जळतो. वखारींच्या शहरात भुसा जवळजवळ फुकट मिळे, तेव्हा पुण्यातल्या कष्टकरी घरांनी या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. खालचे भोक विटेच्या तुकड्याने अर्धे झाकले की हीच शेगडी जाळाऐवजी शांत, सतत धूर देऊ लागते, आणि धुराचे प्रमाण त्या विटेच्या सरकण्यावर ठरते. आचेसाठी शोधलेले साधन धुराच्या कामी इतके तंतोतंत यावे, ही गोष्ट विशेष आहे. अडचण भुशाची आहे. आजच्या वखारीतला भुसा साग, निलगिरी आणि प्लायवूड यांची सरमिसळ असतो, त्यामुळे अन्नासाठी तो ओळखीच्या सुताराकडून, एकाच लाकडाचा, आंब्याचा असल्यास उत्तम, मागून घ्यावा लागतो.

धूर धरून ठेवण्यासाठी पेटी लागते, आणि मार्केट यार्डाच्या शेजाऱ्यांना ती आयतीच उपलब्ध आहे: खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. त्याचे झाकण कापून, मध्यावर आरपार सळया घालून जाळी बसवली आणि खाली शेगडीचा धूर सोडला की कोंबडीच्या तंगड्या किंवा दोन-तीन बांगडे त्यात मावतात. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा टाकी मात्र यासाठी घेऊ नये, कारण जास्त तापली की जस्ताची वाफ श्वासात जाते. बाजारात मिळणाऱ्या अर्धगोल झाकणाच्या शेगड्यांचा मूळ पुरुष अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या बोयऱ्यासाठी बनवल्या जाणाऱ्या धातूच्या गोलापासून घडवला. तत्त्व तेलाच्या डब्याचेच आहे, झाकण आणि हवेची भोके यांनी आच आणि धूर दोन्ही लगामात ठेवायचे.

मांस कोणते घ्यावे यात परदेशी पुस्तकांचे अनुकरण सर्वांत जास्त फसते. टेक्सासमध्ये दहा-बारा तास धुरात ठेवला जातो तो पोसलेल्या बैलाच्या छातीचा चरबीने भरलेला तुकडा असतो. उस्मानाबादी बोकडाचे रान, म्हणजे मागची मांडी, तितका वेळ ठेवले तर त्याचे वाळलेले कातडे होईल. येथे सीना, म्हणजे बरगड्यांखालचा चरबीचा भाग, किंवा पुढच्या पायाचा जोड घ्यावा, तो हळद, मीठ, आले-लसूण आणि दह्यात रात्रभर मुरवावा, गार असतानाच धुरात ठेवावा, कारण गार आणि ओलसर पृष्ठभागावर धूर अधिक बसतो, आणि तासाभराने पृष्ठभाग कोरडा झाला की केळीच्या पानात गुंडाळून मंद आचेवर मऊ होऊ द्यावा. धूर आधी, आच नंतर. कापल्यावर कडेला गुलाबी वलय दिसले तर ते कच्चेपणाचे लक्षण नसते, धुरातल्या नायट्रोजनच्या संयुगांची मांसातल्या रंगद्रव्याशी झालेली ती क्रिया असते. तरीही कोंबडीच्या बाबतीत रंगावर न जाता तापमापक वापरावा आणि हाडाजवळ चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअस झाल्याशिवाय ती ताटात घेऊ नये. गावरान कोंबडीला रस्साच शोभतो. बांगडा तेलकट असल्याने धूर मनापासून घेतो. उजनीची चिलापी तितका घेत नाही.

या साऱ्या आनंदाची किंमत पूर्वी कोणी मोजली, हे टाळून पुढे जाता येणार नाही. घरातल्या लाकडाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो धूर मुख्यतः बायकांनी आणि त्यांच्या कडेवरच्या मुलांनी घेतला. भारत सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३च्या सुमारास सुरू होऊन २००२ पर्यंत चालला, आणि पुण्यातही या प्रश्नावर चिकाटीने काम झाले: डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या आरती या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली, तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला, आणि याच संस्थेच्या सराई कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कांडीकोळशावर एका कुटुंबाचे जेवण शिजते. गच्चीवर हौसेने शेगडी पेटवणाऱ्याने पाचटाचा कोळसा घेतला तर चवीत काहीही उणे येत नाही, कारण कोळशाला मुळात धुराची चव नसते.

शहरातला कोळसा धूर करीत नाही, याचे कारण त्याचा धूर आधीच दूर कोठेतरी निघून गेलेला असतो. लाकडे रचून, माती आणि पाल्याने झाकून, कित्येक दिवस धुमसत ठेवलेल्या भट्टीपाशी पाच-सहा किलो लाकडातून किलोभर कोळसा उरतो, आणि बाकीचे धूर होऊन भट्टीवर राखण करणाऱ्याच्या छातीत जाते. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या जंगलांत हे काम मोठ्या प्रमाणावर कातकऱ्यांनी, पुष्कळदा उचल घेऊन बांधल्या गेलेल्या अवस्थेत, केले आहे. मांस टिकवण्याच्या विद्येचा इतिहासही असाच आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शूलावर ओवून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे राजेशाही वर्णन करून ठेवले; पण त्याच मुलखात गावकुसाबाहेरच्या माणसांनी मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून केलेल्या चान्या, ज्या पुढे महिनोन्‌महिने निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात घालून खाल्ल्या जात, त्यांची सविस्तर नोंद व्हायला शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधल्या पुस्तकासारख्या अलीकडच्या लेखनापर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदी कायदा लागू झाला, आणि चान्यांचा मूळ जिन्नसच दुर्मीळ झाला. महाराष्ट्रात मांस टिकवण्याची परंपरा नाही असे जे सहज म्हटले जाते, ते या स्वयंपाकघरांकडे पाठ करूनच म्हणता येते.

बिबवेवाडीत आणखी एक विचार करावा लागतो, तो शेजाराचा. मार्केट यार्डाच्या ओढीने येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत जैन आणि इतर शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, आणि धूर कोणाच्याही भिंती मानत नाही. ज्याला मांसाचा वास सहन होत नाही त्याची अडचण खरी आहे, आणि ज्याच्या घरात रविवारचे मटण हा आठवड्याचा सण आहे त्याचा हक्कही खरा आहे. येथेही आच आणि धूर वेगळे करण्याची रीत उपयोगी पडते: मोठा जाळ गच्चीवर करण्याचे कारण नाही, कारण आच गॅस देतो, धूर हवा तो झाकलेल्या डब्यात, मूठभर भुशाचा, तासाभराचा, वारा वस्तीपासून दूर वाहत असतानाचा. जैनांच्या पर्युषणाचे दिवस टाळणे हा साधा शेजारधर्म आहे आणि ते बहुधा श्रावण-भाद्रपदातच येत असल्याने अनेक मांसाहारी घरांच्या पाळणुकीशी ते आपोआप जुळतात. बंद खोलीत, बाल्कनीचे काच-दरवाजे लावून, शेगडी कधीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

पावसाळ्यात लाकूड ओले, भाद्रपदापर्यंत अनेकांचे नियम, मार्गशीर्षात पुन्हा बऱ्याच घरांत मांस वर्ज्य. त्यामुळे वर्षातला चांगला काळ पौष-माघाचा उरतो, तेव्हा लाकूड खडखडीत वाळलेले असते आणि पुण्याच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात. थंड धुराचे, म्हणजे तीस अंशांच्या आत ठेवून मांस न शिजवता धुरवण्याचे, काम हवामानाच्या दृष्टीने येथे याच रात्रींत जमण्यासारखे आहे, पण ते मिठाच्या पुरत्या मुरवणीशिवाय करणे जिवावर बेतू शकते. गोव्यातले चोरीस, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या काळात केले जाणारे डुकराच्या मांसाचे सॉसेज, मीठ, व्हिनेगर आणि मिरची यांच्या जोरावर टिकते, ऊन आणि धूर त्याच्या मदतीला असतात. नुसत्या धुरावर कोणी विसंबत नाही. पौष-माघाच्याच दिवसांत रायगडात पोपटीचा हंगाम असतो: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, पानात गुंडाळलेली कोंबडी आणि अंडी भरून, तोंड पाल्याने बंद करून, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवतात, पाण्याचा थेंबही न घालता. जाळ बाहेर, वास आतल्या पाल्याचा. गच्चीवर एवढा जाळ करता येत नाही. मार्केट यार्डात वालाच्या शेंगा आल्या तरी भांबुर्डा मात्र पेण-अलिबागकडून येणाऱ्या कोणालातरी आणायला सांगावा लागतो, आणि जाळासाठी दिवे घाटापलीकडच्या एखाद्या ओळखीच्या शेताचा बांध मागून घ्यावा लागतो.